इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडकतं तेव्हा: दोषी भाग कसा पकडायचा

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून घरातल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ किंवा लिनक्स मिंट टाकायचं काम इंदूरमध्येही बऱ्याच जणांनी काढलं आहे. रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत घरांतली ही मशीन बहुधा असेंबल्ड असतात. एक रॅम मूळची, दुसरी मागाहून आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून आणलेली, हार्ड डिस्क जुनी, एसएसडी नवी आणि ग्राफिक्स कार्ड कुणाचं तरी वापरून झालेलं. रोजच्या कामात अशी जुळवाजुळव खपून जाते. इन्स्टॉलेशनमध्ये मात्र प्रत्येक भाग एकामागून एक जागा केला जातो, तोही कामचलाऊ ड्रायव्हरवर (भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर). वर्षभर दबून राहिलेली भांडणं नेमकी तिथे वर येतात.

मशीन अडकलं की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर तेच इन्स्टॉलेशन तसंच पुन्हा चालवतात, नाहीतर एकदम चार गोष्टी बदलतात. पहिल्यात काही बदलत नाही. दुसऱ्यात मशीन चाललं तरी कशामुळे चाललं ते कळत नाही, आणि महिन्याभरात तोच त्रास परत येतो. खालची पद्धत हळू आहे, पण एकदाच करावी लागते: कुठे अडकलं ते टिपा, मशीन कमीत कमी भागांवर आणा, मग एकेक भाग परत जोडा.

खरंच अडकलंय का?

कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर सिस्टिम आतून जिवंत आहे, फक्त कशाची तरी वाट बघत बसली आहे. दिवा ढिम्म राहिला तर दोन शक्यता: मशीन पूर्ण गोठलं, किंवा फक्त यूएसबी मेली. माउसचा बाणही थिजलेला असेल आणि पडद्यावरचे फिरणारे ठिपकेही थांबले असतील, तर गोठलं असं समजा. ठिपके फिरतायत पण कीबोर्ड आणि माउस दोन्ही गप्प, तर यूएसबीकडे बघा.

दुसरी खूण कॅबिनेटवरच्या डिस्कच्या दिव्याची. तो अधूनमधून लुकलुकत असेल तर हात लावू नका. फिरत्या हार्ड डिस्कवर एकाच टक्क्यावर अर्धा-पाऊण तास जाऊ शकतो. दिवा सलग पेटलेला आणि डिस्कमधून टक-टक आवाज, तर डिस्क एकच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे. दिवा बंद, ठिपके बंद, कॅप्स लॉक बंद असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा.

अडकलेल्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. टक्के, वाक्य आणि वेळ, तिन्ही त्यात आले पाहिजेत.

हात घालण्याआधी

डेटाचा बॅकअप आधी, हे वेगळं सांगायला नको. लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा, कारण बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) काही बदललं की मशीन ती मागू शकतं. बायॉसच्या सगळ्या पानांचेही फोटो घ्या. ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ केल्यावर डिस्कचा मोड गुपचूप बदलतो, मग आधी काय होतं ते आठवत नाही.

ज्यावरून इन्स्टॉलेशन करायचं त्या पेनड्राइव्हवर अर्धा तास घालवा, पुढचे कित्येक तास वाचतात. किमान ८ जीबीचा आणि ओळखीच्या कंपनीचा घ्या. छापील क्षमता ६४ आणि आतली चिप ८ जीबीची असे पेनड्राइव्ह बाजारात मिळतात. त्यांवर लिहिताना कुठलीही तक्रार येत नाही, वाचताना मात्र फाइल सापडत नाही. रुफस या बूट पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्रॅममध्ये ‘बॅड ब्लॉक्स’ तपासायचा पर्याय आहे, तो एकदा लावला की असा माल उघडा पडतो. आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची पूर्ण प्रत) उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक) अधिकृत पानावरच्या हॅशशी ताडून बघा. विंडोजमध्ये त्यासाठी ‘सर्टयुटिल’ची ‘हॅशफाइल’ कमांड आहे, लिनक्समध्ये ‘एसएचए२५६सम’. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.)

प्रोसेसर चालणारा आहे का, तेही इथेच बघा. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीला ‘पॉपकाउंट’ ही प्रोसेसरमधली सूचना लागते. इंटेलच्या जुन्या कोअर २ ड्युओत ती नाहीच. असल्या मशीनवर टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) अट चुकवून सेटअप सुरू करायचे उपाय व्यर्थ आहेत, तिथे सरळ लिनक्स टाका.

मशीन उघडं करा

वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मग आत जा. ठेवायचं ते इतकंच: मदरबोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा, एक रॅम, एक डिस्क, कीबोर्ड, माउस, मॉनिटर आणि पेनड्राइव्ह.

बाकी सगळं बाहेर. दुसरी-तिसरी डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, वायफाय कार्ड, टीव्ही ट्यूनर, आतला कार्ड रीडर, समोरच्या यूएसबी पोर्टांची वायर, प्रिंटर, वेबकॅम, बायोमेट्रिक मशीन, डोंगल, यूपीएसची डेटा केबल, यूएसबी हब. नेटची केबलही काढा. सेटअप मध्येच नेटवरून ड्रायव्हर ओढतो, केबल नसली की अडकण्याचं एक निमित्त तेवढंच कमी होतं. विंडोज ११ शेवटी खातं जोडताना नेट मागतो, तेव्हा केबल लावता येते.

दुसरी डिस्क काढण्याचं आणखी एक कारण आहे. तिच्यावर जुनं ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींचा कप्पा) असेल तर विंडोज आपलं बूटलोडर (विंडोज उठवणारा छोटा प्रोग्रॅम) तिथे नेऊन ठेवू शकतो. सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की नव्या एसएसडीवरचं विंडोज सुरूच होत नाही.

प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्डही काढा आणि मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावा. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरांत ते नसतं. रायझन ७००० मालिकेआधीच्या, ‘जी’ नसलेल्या डेस्कटॉप रायझनांतही नसतं. तिथे कार्ड ठेवावंच लागेल. कार्ड फार जुनं असेल आणि बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद केलं तर पडदा काळा राहतो. ते अडकणं नव्हे. त्या कार्डाला यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायॉस) येत नाही, एवढंच.

पेनड्राइव्ह मागच्या, मदरबोर्डवरच्या यूएसबी २.० पोर्टमध्ये लावा. विंडोज ७ टाकणाऱ्यांना, आणि काही जुन्या सॉफ्टवेअरसाठी अजूनही ते टाकावं लागतं, एक जुना सापळा भेटतो: भाषा निवडायच्या पानावर माउस-कीबोर्ड मरतात. विंडोज ७च्या मूळ डिस्कमध्ये यूएसबी ३.०चे ड्रायव्हर नाहीत, आणि इंटेलच्या १०० मालिकेपासूनच्या चिपसेटमध्ये (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये) यूएसबी २.०चा जुना कंट्रोलर उरलेला नाही. पीएस/२चा (जुन्या गोल पिनचा) कीबोर्ड लावा, किंवा ड्रायव्हर आयएसओमध्ये घालून घ्या.

आता बायॉसमध्ये डिफॉल्ट लावा, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवण्याचं सेटिंग) आणि ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर नेमलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) बंद करा, तारीख-वेळ बघा. तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. तो ३ व्होल्टचा असतो आणि स्वस्तात मिळतो. सेल मेलेला असेल तर सेटिंग टिकत नाहीत, आणि दर वेळी वीज गेल्यावर तुम्ही वेगळ्याच मशीनवर इन्स्टॉलेशन करत असता.

कुठे अडकलं?

विंडोजच्या इन्स्टॉलेशनचे दोन भाग आहेत आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. पहिल्या रीस्टार्टपर्यंत सगळं पेनड्राइव्हवरच्या छोट्या विंडोजमधून चालतं. तिथे पडद्याला साधा ड्रायव्हर, आवाज नाही, फारशी उठाठेव नाही. रीस्टार्टनंतर नवं विंडोज डिस्कवरून उठतं आणि जोडलेल्या प्रत्येक भागाला त्याचा खरा ड्रायव्हर लावायला घेतं. पडद्यावर तेव्हा ‘गेटिंग डिव्हायसेस रेडी’ दिसतं.

लोगोवरच, ठिपके यायच्या आधी किंवा लगेच अडकलं तर पेनड्राइव्ह, बायॉसचं सेटिंग, ग्राफिक्स कार्ड किंवा रॅम.

डिस्कची यादी दाखवताना अडकलं तर डिस्क, तिची केबल किंवा कंट्रोलर. यादी आली पण रिकामी, आणि मशीन इंटेल ११व्या पिढीचं किंवा पुढचं, तर बहुतेक वेळा व्हीएमडी (इंटेलचा डिस्क सांभाळणारा मोड) चालू असतं. दोन वाटा आहेत. बायॉसमध्ये व्हीएमडी बंद करा, किंवा लॅपटॉप कंपनीच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, तो अनझिप करून आतल्या फाइली पेनड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने तो फोल्डर दाखवा. काय ते आधी ठरवा. विंडोज टाकून झाल्यावर व्हीएमडी चालू-बंद केलं तर डिस्क न सापडून निळा पडदा येतो.

डिस्क दिसते पण त्यावर इन्स्टॉल होत नाही, जुन्या पार्टिशनांचा गोंधळ आहे, असं असेल तर शिफ्ट आणि एफ१० दाबा (काही लॅपटॉपांवर सोबत एफएन). काळी खिडकी उघडते. ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट डिस्क’, क्षमतेवरून डिस्क ओळखून ‘सिलेक्ट डिस्क ०’ आणि ‘क्लीन’. पूर्ण डिस्कचं कोरं पान होतं, म्हणून आकडा दोनदा बघा. बाकीच्या डिस्क काढून ठेवल्याचा फायदा इथेही होतो.

फाइली कॉपी होताना अडकलं तर टक्के बघायचे. दोन-तीनदा चालवून दर वेळी त्याच टक्क्यावर थांबत असेल तर फाइल किंवा पेनड्राइव्ह खराब. ०एक्स८००७०५७० हा कोडही आधी याच दिशेला बोट दाखवतो. दर वेळी वेगळ्या टक्क्यावर थांबत असेल तर रॅम, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) किंवा तापमान. हा एक फरक लक्षात ठेवला तर निम्मी शोधाशोध वाचते.

आणि ‘गेटिंग डिव्हायसेस रेडी’वर अडकलं तर तो अस्सल हार्डवेअरचा झगडा, पण इथे विंडोज पुरावा मागे ठेवतो. मशीन बंद करून पुन्हा पेनड्राइव्हवरून उठवा, शिफ्ट-एफ१०, मग ‘नोटपॅड’ टाइप करा. त्याच्या ‘ओपन’मधून डिस्कवरच्या विंडोज फोल्डरमध्ये जा, ‘ऑल फाइल्स’ निवडा. (ड्राइव्हचं अक्षर सीच असेल असं नाही.) तिथे ‘आयएनएफ’ फोल्डरमध्ये ‘सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग’ नावाची फाइल आहे. तिच्या तळाशी जा. शेवटची नोंद सुरू झालेली आणि पुरी न झालेली दिसली तर संशयित तोच. नोंदीत ‘व्हीईएन’ पुढे चार अक्षरांचा कंपनीचा क्रमांक असतो: १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी, ८०८६ इंटेल, १०ईसी रिअलटेक. मदरबोर्डवरच बसवलेलं लॅन किंवा साउंड दोषी निघालं तर ते बायॉसमधून बंद करता येतं. इन्स्टॉलेशन पुरं करा, कंपनीचा ड्रायव्हर टाका, मग चालू करा.

इथे मध्येच बंद केलेलं इन्स्टॉलेशन पुढे सुरू होईल अशी आशा ठेवू नका. ‘संगणक अनपेक्षितपणे रीस्टार्ट झाला’ अशा अर्थाचा संदेश येत राहतो. पार्टिशन पुसून पहिल्यापासून करावं लागतं.

रॅम आणि डिस्क

टक्के बदलत असतील तर आधी रॅम. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाका (६ पासूनच्या आवृत्त्या यूईएफआयवर चालतात, सुरू झाला नाही तर बायॉसमधलं सिक्युअर बूट तेवढ्यापुरतं बंद करा). ८ जीबीची एक फेरी तासभर किंवा त्याहून जास्त घेऊ शकते, म्हणून रात्री लावून झोपा. एकही लाल ओळ आली तर ती रॅम नापास. ‘एकच तर एरर आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. प्रत्येक रॅम एकटी, एकाच स्लॉटमध्ये तपासा. चार स्लॉटच्या बोर्डवर तो बहुधा प्रोसेसरपासून दुसरा असतो, मॅन्युअलमध्ये ए२. दोन्ही रॅम एकेकट्या पास आणि जोडीने नापास, असंही होतं: एक २६६६ची, दुसरी ३२००ची, वेगळ्या कंपनीच्या. दोन्हींना कमी वेग बांधून द्या. तरी जमलं नाही तर जोडी विकत घ्या.

रॅमचा सोनेरी पट्टा काळवंडला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणारं फडकं वापरा. खोडरबरही चालतं, पण त्याचे कण स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. पॉलिश पेपर लावणाऱ्याच्या हातात रॅम देऊच नका.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो, किंवा लिनक्सच्या लाइव्ह (डिस्कवर न टाकता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून ‘स्मार्टसीटीएल’. तीन आकडे बघायचे: ०५ म्हणजे बदलून घेतलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे आणि निर्णय बाकी असलेले सेक्टर, सी७ म्हणजे केबलवर झालेल्या चुका. सी५ शून्य नसेल तर त्या डिस्कवर नवं विंडोज टाकू नका. सी७ एकटाच वाढलेला असेल तर डिस्क बहुधा ठीक आहे. साटाची (डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी) डेटा केबल बदला, दुसरा पोर्ट वापरा. हा आकडा खाली येत नाही, त्यामुळे आजचा लिहून ठेवा आणि पुढे वाढतो का तेवढं बघा.

एम.२ (मदरबोर्डवर थेट बसणारी) एसएसडी लावली आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली? बऱ्याच बोर्डांवर एम.२चा स्लॉट आणि एक-दोन साटा पोर्ट एकाच तारेवर असतात. एक भरला की दुसरे बंद. कोणते ते मॅन्युअलमधल्या तक्त्यात असतं. हार्ड डिस्क दुसऱ्या पोर्टला लावली की काम संपलं. दुकानात अशी डिस्क ‘मेली’ म्हणून सांगितली गेली तर आधी पोर्ट बदलून बघायला सांगा.

वीज आणि उन्हाळा

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात? घरात अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर गळतीची वीज अर्थला सोडतात, अर्थ नसला की ती कॅबिनेटवर साठते. यूएसबीची उपकरणं मध्येच तुटतात, आणि पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलेशन चालू असेल तर तेही तिथेच थांबतं. इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसणं हा उपाय नव्हे.

एसएमपीएस मल्टिमीटरवर बघायचा तर मोलेक्सच्या (चार पिनच्या मोठ्या) मोकळ्या कनेक्टरवर, मशीन चालू आणि काम करत असताना. पिवळ्या-काळ्या तारेत ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल-काळ्या तारेत ४.७५ ते ५.२५. आकडा हद्दीत असूनही कॉपी सुरू झाल्यावर घसरत जात असेल तर एसएमपीएस थकला आहे. मल्टिमीटर इतकंच सांगू शकतो. क्षणभराची खळबळ त्याला दिसत नाही, म्हणून शंका असेल तर दुसरा लावून बघणं जास्त खात्रीचं.

इंदूरला मे महिन्यात पारा ४०च्या वर जातो, आणि माळव्याची बारीक धूळ हिटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते. बायॉसमध्ये पाच मिनिटं बसून प्रोसेसरचं तापमान बघा. ते ७०-८०च्या पुढे चढतच असेल तर विंडोजला दोष देऊ नका. धूळ काढा, इंटेलच्या पंख्याच्या चारही पिना नीट खटकन बसल्या आहेत का बघा, थर्मल पेस्ट नवी लावा. मटारच्या दाण्याएवढी पुरते.

लिनक्स टाकताना

एनव्हिडियाच्या कार्डावर ग्रबनंतर (लिनक्सच्या बूट मेनूनंतर) काळा पडदा हे नेहमीचं. मिंटमध्ये ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’, उबुंटूमध्ये ‘सेफ ग्राफिक्स’ निवडा. हाताने करायचं तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून ‘क्वाएट स्प्लॅश’ पुसा, तिथे ‘नोमोडसेट’ लिहा (एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, सलग) आणि एफ१० दाबा. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या बूटलाही हे एकदा करावं लागतं. त्यानंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून कार्डाचा ड्रायव्हर टाका.

‘क्वाएट स्प्लॅश’ पुसण्याचा दुसरा फायदा म्हणजे पडद्यावर ओळी धावताना दिसतात आणि शेवटची ओळ बोलते. ‘एटीए’ आणि ‘स्लो टू रिस्पॉन्ड’ दिसलं तर साटाची केबल किंवा डिस्क. ‘एनव्हीएमई’ आणि ‘टाइमआउट’ असेल तर एसएसडीची वीज वाचवण्याची सवय नडते आहे, ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ देऊन बघा. ‘एफडी०’ची आय/ओ एरर आली तर बायॉसमध्ये नसलेली फ्लॉपी चालू ठेवली आहे, ती बंद करा. ‘एसीपीआय=ऑफ’ सगळीकडे सुचवलं जातं, पण तो शेवटचा उपाय. त्याने मशीन चालतं, पण बॅटरी आणि वीज बंद होण्याची व्यवस्था यांचं काही खरं नाही.

पीसीआय स्लॉटच्या जुन्या मशीनवर आयआरक्यूचं (भाग प्रोसेसरचं लक्ष वेधतो त्या ओळीचं) भांडण अजून भेटतं. ओळी एकूण सोळाच, ० ते १५, आणि त्यातल्या बऱ्याच आधीच वाटलेल्या: कॉम१ला ४, कॉम२ला ३, प्रिंटर पोर्टला ७, आयडीईला १४ आणि १५. वापरात नसलेले कॉम आणि प्रिंटर पोर्ट बायॉसमध्ये बंद करा, ‘रीसेट कॉन्फिगरेशन डेटा’ एकदा ‘एनेबल्ड’ करा, आणि कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये हलवा. स्लॉट बदलला की ओळ बदलू शकते.

परत जोडताना

उघड्या मशीनवर इन्स्टॉलेशन पार पडलं की आधी चिपसेटचा ड्रायव्हर, मग ग्राफिक्सचा. त्यानंतर एकेक भाग, दर वेळी मशीन पूर्ण बंद करून. क्रम असा बरा: दुसरी रॅम, ग्राफिक्स कार्ड, बाकीच्या डिस्क, वायफाय, आणि यूएसबीची उपकरणं शेवटी. प्रत्येक भागानंतर किमान दोन रीस्टार्ट आणि थोडं काम. एक्सएमपी सगळं झाल्यावर, हवंच असेल तर.

एवढं करूनही एक रॅम आणि एक डिस्कवर मशीन अडकतच राहिलं, तर उरतात मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस. बायॉस अपडेट करून बघा, पण चालू स्थितीतल्या यूपीएसवरच, कारण मध्येच वीज गेली तर बोर्ड उठतच नाही. तेही फसलं तर दुकान गाठा. सोबत अडकलेल्या पडद्यांचे फोटो, मेमटेस्टचा निकाल, बोर्डाचं मॉडेल आणि बिल घ्या. दुकानदाराला ‘फॉर्मॅट मारून द्या’ असं सांगू नका. ‘तुमची चांगली रॅम आणि एसएमपीएस लावून माझ्यासमोर अर्धा तास चालवा’ असं सांगा. त्यावर चाललं तर एकेक भाग तुमचा लावत जायचा. ज्यावर अडकेल तेवढाच विकत घ्या.